दोन पुलांमधले पांजे

विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी सुटली ती 12 एप्रिल 1867 रोजी. दिवसाला एकच गाडी. सकाळी पावणेसातला तिने विरार सोडायचे आणि संध्याकाळी साडेपाचला बॅकबेहून परत फिरायचे. या गाडीच्या थांब्यांची यादी रेल्वेच्या इतिहासात टिकून राहिली आहे: नीला, बसीन, पांजे, बोरिवली, पहाडी, अंधेरी, सांताक्रूझ, बांद्रा, माहीम, दादर, ग्रँट रोड. बसीन म्हणजे वसई, पहाडी म्हणजे आजचे गोरेगाव, नीला नालासोपाऱ्याच्या बाजूचे. मीरा-भाईंदरच्या वाचकाने ही यादी एकदा सावकाश वाचावी. तिच्यात भाईंदर नाही, मीरा रोड नाही, दहिसर नाही, नायगावही नाही. बोरिवली सोडले की वसईपर्यंतच्या अठरा किलोमीटरांत गाडी एकाच ठिकाणी थांबायची, आणि ते ठिकाण होते पांजे.

पश्चिम रेल्वेच्या आजच्या नकाशावर हे स्टेशन नाही. गाव मात्र जागच्या जागी आहे. विरार लोकलने भाईंदर सोडले की गाडी पुलावर चढते, चाकांचा आवाज बदलतो, खालून खाडीचा वारा येतो. पूल संपतो, आणि पुन्हा पूल सुरू होण्याआधी थोडा वेळ जमीन दिसते: तिवरांची झाडी, बांध, मागे घरांची कौले आणि पत्रे, एखादी ओढून ठेवलेली होडी. ही जमीन म्हणजे पांजू बेट. उल्हास नदी समुद्राला मिळते ती वसईच्या खाडीने, आणि मुखाजवळ या बेटाने तिचे पाणी दोन्ही बाजूंना विभागले आहे. भाईंदरकडचे पात्र रुंद, नायगावकडचे अरुंद. रुळांना म्हणूनच एका खाडीसाठी दोन पूल लागले. कारभाराच्या दृष्टीने पांजू वसई तालुक्यात, म्हणजे 2014 पासून पालघर जिल्ह्यात येते. पण भाईंदरच्या जेट्टीवर उभे राहिले की समोर दिसते ते पांजूच, आणि त्याची गोष्ट भाईंदरच्या गोष्टीपासून सुटी काढता येत नाही.

जिथे धड बैलगाडीची वाटही पोचत नव्हती अशा बेटावर मुंबईच्या पहिल्या उपनगरी गाडीने का थांबावे? उत्तरासाठी थोडे मागे, आणि थोडे उत्तरेला जावे लागेल.

बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांची बी.बी.सी.आय., ही कंपनी 1855 साली स्थापन झाली. नावात बॉम्बे पहिले असले तरी तिचा मार्ग सुरू झाला गुजरातेतून. अंकलेश्वर ते सुरतेजवळचे उतराण हा पहिला टप्पा 1860 मध्ये उघडला आणि तिथून रूळ दक्षिणेकडे सरकत मुंबईला यायला निघाले. कंपनीचे लक्ष होते गुजरातच्या कापसावर. अमेरिकेत 1861 मध्ये यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या बाजारात कापसाला सोन्याचे दिवस आले. रुळांची घाई सगळ्यांनाच होती. पण गंमत पाहा: गाडी ग्रँट रोडला पोचली ती 28 नोव्हेंबर 1864 ला, आणि पुढच्या वसंतात अमेरिकेतली लढाई संपून मुंबईचा कापूसबाजार आणि शेअरबाजार दोन्ही कोसळले. ज्या कापसासाठी एवढी धावपळ केली त्याचा सुकाळ ओसरत असतानाच मार्ग पुरा झाला. कंपनीच्या भागधारकांची झोप मात्र उडाली नसणार. रेल्वेच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिलेली होती. नफा झाला तर कंपनीचा, तूट आली तर ती भरून काढायची हिंदुस्थानच्या रयतेने.

शेजारच्या जी.आय.पी. रेल्वेपुढे सह्याद्री उभा होता. 1863 मध्ये भोर घाट आणि 1865 मध्ये थळ घाट पार करताना तिने हजारो मजुरांचे प्राण खर्ची घातले. बी.बी.सी.आय.च्या वाटेवर घाट नव्हता. कंपनीचे सल्लागार अभियंता कर्नल जॉन पिट केनेडी यांनी मुद्दामच किनाऱ्याची सपाट वाट धरली होती. पण कोकणच्या उत्तर किनाऱ्यावर चढ चुकवला की खाडी आडवी येते. नर्मदा, तापी, दमणगंगा, वैतरणा आणि शेवटी वसईची खाडी. नर्मदेने तर कंपनीला रडकुंडीला आणले. तिथला पूल पुरांनी पुन्हापुन्हा मोडला, आणि भरूचचा तो प्रसिद्ध ‘गोल्डन ब्रिज’ 1881 मध्ये झाला तेव्हा कुठे प्रश्न मिटला.

केनेडींनी या सगळ्या पाण्यांवर एकच उतारा शोधला. प्रत्येक नदीसाठी वेगळा पूल आखायचा नाही. साठ फुटांचा एक गाळा ठरवायचा, त्याचे लोखंडी गर्डर इंग्लंडात एकाच मापाने घडवायचे, जहाजाने आणायचे, आणि नदी जितकी रुंद तितके गाळे जोडत जायचे. एखादा गर्डर निकामी झाला तर दुसऱ्या पुलासाठी आणलेला तिथे बसवता यायचा. वसईच्या खाडीवरचे पूल याच पद्धतीचे होते.

गर्डर तयार मिळाले तरी चिखलात पाया कसा घालायचा? वसईच्या खाडीचा तळ म्हणजे गाळ. खडक खूप खाली. दिवसातून दोनदा भरती, पावसाळ्यात वरून उल्हासचा लोंढा. अशा जागी दगडी खांब बांधायचा म्हणजे आधी पाणी अडवा, उपसा, गाळ काढा, आणि हे सारे पुढच्या भरतीच्या आत. त्यावरचा उपाय अलेक्झांडर मिचेल या आयरिश माणसाने काढला होता. मिचेल तारुण्यातच आंधळा झाला. तरीही 1833 मध्ये त्याने ‘स्क्रू पाइल’चे पेटंट घेतले. कल्पना साधी: लोखंडी खांबाच्या टोकाला रुंद पात्याचा आटा बसवायचा आणि खांब ठोकण्याऐवजी पिळत जमिनीत उतरवायचा. पाते जितके रुंद तितका गाळातसुद्धा खांबाला आधार. टेम्स नदीच्या मुखाशी मॅप्लिनच्या वाळूवर दीपगृहाचा पाया याच रीतीने 1838 मध्ये घातला गेला. केनेडींनी ही युक्ती उचलली आणि आपल्या मार्गावर ती इतक्या पुलांना वापरली की जगात स्क्रू पाइलचा एवढा मोठा वापर तोवर क्वचितच झाला असेल. खांब ओतीव लोखंडाचे, आतून पोकळ, अडीच फूट व्यासाचे. एक तुकडा खाली गेला की त्यावर दुसरा बोल्टांनी जोडायचा. पिळण्यासाठी वरच्या टोकाला लांब दांडे आडवे लावायचे आणि त्यांना बैल जुंपायचे. विलायती लोखंड तेलघाण्यासारखे गोल गोल फिरत कोकणच्या चिखलात उतरले ते देशी बैलांच्या खांद्यावर. कंपनीच्या अहवालांत टनांचा आणि पौंडांचा हिशेब असतो, बैलांचा नसतो.

पांजेच्या स्टेशनाचा उगम मला या पुलांतच दिसतो. सुरुवातीला रूळ एकेरी होते. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना वाट द्यायला मधे कुठेतरी जागा लागते, आणि बोरिवली ते वसई हा पल्ला त्या काळच्या वेगाला लहान नव्हता. त्यात दोन मोठे पूल. पुलांची रोजची तपासणी, बोल्ट आवळणे, लोखंडाला रंग देणे, वादळवाऱ्यात गाडी रोखून धरणे या कामांना माणसे लागणार, आणि ती दोन पुलांच्या मधेच असलेली बरी. बेटावर स्टेशन मांडले की हे सगळे साधते. गाववाल्यांनी अर्ज केला म्हणून कंपनीने स्टेशन दिले असेल यावर माझा विश्वास बसत नाही. स्टेशन रेल्वेच्या सोयीचे होते आणि पांजूकरांना ते आयते मिळाले.

आयते मिळालेले असले तरी त्याचा अर्थ लहान नव्हता. रेल्वेच्या आधी मुंबईला जायचे तर होडी, भरती-ओहोटीचे गणित, आणि पावसाळ्यात तेही बंद. आता सकाळी गाडीत बसले की त्याच दिवशी मुंबईचे काम उरकून रात्री घरी. त्या वेळी दुसऱ्या वर्गाचे भाडे मैलाला 7 पै आणि तिसऱ्या वर्गाचे 3 पै होते. पांजे ते ग्रँट रोड हे अंतर सुमारे 25 मैल. म्हणजे तिसऱ्या वर्गाने एका खेपेचे 75 पै, सव्वासहा आणे. जाऊन-येऊन साडेबारा आणे. मिठागरावर किंवा शेतावर राबणाऱ्याला हा पैसा जड होता, रोजचा प्रवास त्याच्या आवाक्यातला नव्हता. त्या गाडीतून मुख्यतः कोण जात असतील हे सांगायला ज्योतिषी नको: वसईकडचे जमीनदार, कज्जेखटल्यांसाठी निघालेले पक्षकार, व्यापारी, सरकारी आणि कंपन्यांचे कारकून. आणि तरीही सणासुदीला, दुखण्याखुपण्याला किंवा मासळी विकायला पांजेच्या फलाटावर कोणी चढत असेलच.

मग हे स्टेशन गेले कसे?

भाईंदर पुढे आले हे त्याचे अर्धे उत्तर. एकोणिसाव्या शतकातच भाईंदरला स्टेशन झाले. साष्टीच्या उत्तर टोकाला, खाडीच्या काठावर, जमिनीच्या वाटेने मागच्या गावांना जोडलेले. मागे मैलोगणती मिठागरे, पुढे होड्यांचा धक्का. मीठ, रेती, भात, गवत, उत्तन-डोंगरीकडची मासळी या सगळ्यांना बेटावरच्या स्टेशनाचा उपयोग शून्य होता. मिठाची गोण बैलगाडीतून सरळ मालधक्क्यावर यायची ती भाईंदरला. रेल्वेचा पैसा मालातून येतो, उतारूंतून नव्हे, हे कंपन्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. पलीकडे वसईची केळी आणि विड्याची पाने वसईच्या स्टेशनावरून जात. मधल्या पांजेच्या वाट्याला ना माल, ना रस्ता.

उरलेले अर्धे उत्तर रुळांत आहे. मार्ग दुहेरी झाला की समोरची गाडी जाऊ देण्यासाठी थांबण्याचे कारण उरत नाही. पुढे 1928 मध्ये कुलाबा ते बोरिवली आणि 1936 मध्ये बोरिवली ते विरार विजेच्या गाड्या धावू लागल्या, वेग वाढला, वाटेतल्या प्रत्येक थांब्याची किंमत मिनिटांत मोजली जाऊ लागली. रेल्वेला पांजेची गरज संपली होती, आणि पांजूची गरज रेल्वेच्या हिशेबात कधी धरलीच गेली नव्हती. बहुतेक बंद स्टेशनांच्या कथेत लोक कमी झाले म्हणून स्टेशन बंद होते. इथे लोक होते तिथेच राहिले आणि गाडी त्यांच्या डोक्यावरून जाऊ लागली.

इंग्लंडमध्ये खेड्यातले बंद पडलेले स्टेशन हा अभ्यासाचा आणि हळहळीचा मोठाच विषय आहे. तिथे 1963 साली डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी ब्रिटिश रेल्वेच्या पुनर्रचनेचा अहवाल दिला आणि दोन हजारांहून जास्त स्टेशने बंद करण्याची शिफारस केली. खेड्यापाड्यांत गदारोळ झाला, सभा झाल्या, शेवटच्या गाडीला निरोप द्यायला माणसे काळे कपडे घालून जमली. त्यानंतरच्या साठ वर्षांत जवळजवळ प्रत्येक मेलेल्या स्टेशनाचा कोणी ना कोणी चरित्रकार निघाला. कुठल्या वर्षी किती दुधाचे कॅन चढले, कोण स्टेशनमास्तर होता, गुलाबाच्या ताटव्याला बक्षीस कधी मिळाले, सगळे छापून तयार. ग्लॉस्टरशरमधले अ‍ॅडलस्ट्रॉप हे स्टेशन 1966 मध्ये बंद झाले. एडवर्ड थॉमसच्या छोट्या कवितेमुळे त्याचे नाव साऱ्या देशाला पाठ होते. स्टेशनाचा नामफलक गावकऱ्यांनी बसथांब्यात आणून लावला, तो आजही तिथे आहे.

आपल्याकडे अशी जपणूक होते ती अपवादाने. खंडाळ्याजवळच्या रिव्हर्सिंग स्टेशनाची आठवण गिर्यारोहक आणि रेल्वेवेडे ठेवतात. भोर घाटात गाडी जिथे तोंड फिरवून उलट दिशेने चढायची ते स्टेशन 1929 मध्ये नव्या मार्गामुळे निकामी झाले. कुलाबा स्टेशन 1930 च्या शेवटच्या दिवशी बंद झाले आणि त्याच्या जागी आता रेल्वेच्या वसाहती आहेत. विदर्भातल्या शकुंतला रेल्वेसाठी तर लोक अजून आंदोलने करतात. ती यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर या गावांची स्वतःची गाडी होती, तिच्या डब्यात लग्ने ठरली आणि बाळंतिणी माहेरी गेल्या. पांजेला असा गोतावळा मिळाला नाही. त्याच्यावर कोणी कविता केली नाही, त्याच्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही. उरले ते यादीतले एक नाव, बसीन आणि बोरिवलीच्या मधे.

केनेडींचे पूलही उरले नाहीत. खाऱ्या पाण्यात ओतीव लोखंड किती टिकणार? त्यांच्या जागी नवे पूल आले, पुढे तेही जुने झाले आणि वाहतूक आणखी नव्या पुलांवर गेली. रेल्वे या पुलांना 73 आणि 75 क्रमांकांनी ओळखते. सेवेतून काढलेल्या जुन्या पुलाचे काय करायचे यावर बरीच वर्षे खल चालला. हलक्या वाहनांसाठी रस्ता करा अशी मागणी झाली, शेवटी भंगारात काढण्याकडे कल झुकला. मधल्या काळात खाडीत आणखी एक संकट आले. बांधकामांना रेती लागते, रेती खाडीत आहे, आणि पुलाच्या खांबांना आधार देणारा गाळही तिथेच. पुलांजवळचा बेकायदा रेती उपसा हा रेल्वेच्या आणि न्यायालयाच्या डोकेदुखीचा विषय झाला तो यामुळे.

भाईंदरच्या बाजूला दरम्यान सगळेच बदलले. 1985 मध्ये नगरपालिका, 2002 मध्ये महापालिका. मिठागरांच्या कडेपर्यंत इमारती आल्या, आणि ज्या भाईंदरचे 1867 च्या यादीत नाव नव्हते त्याच्या फलाटावर सकाळी पाय ठेवायला जागा मिळेना. नायगावही भरले. दोन्ही काठांवर गर्दीची शहरे आणि मधे बेट, अशी पांजूची आजची स्थिती आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये भाईंदर ते वसई रो-रो बोट सुरू झाली. गाड्यांना महामार्गाने घोडबंदरकडून घ्यावा लागणारा तीसेक किलोमीटरांचा वळसा त्यामुळे वाचतो. भाईंदर आणि नायगाव जोडणारा रस्तापूल तर कित्येक वर्षे चर्चेत आणि आराखड्यांत आहे. पांजूला पर्यटनस्थळ करण्याच्या घोषणाही अधूनमधून होतात. घोषणांतल्या पर्यटकाला बेटावर उतरवणार कुठून, हा प्रश्न गावकरी विचारतात तेव्हा त्यांना हसू आवरत नाही.

पांजूकराची रोजची वाट नायगावच्या धक्क्यावरून जाते. शाळा, बाजार, दवाखाना, नोकरी, सगळ्याला आधी होडी. होडी नसेल किंवा घाई असेल तर काहीजण रेल्वेच्या पुलावरून पायी निघतात. रेल्वेच्या नियमात हे बसत नाही आणि त्यात धोकाही मोठा, पण खाडी ओलांडायची कोरडी वाट तेवढी एकच. सप्टेंबर 2025 मध्ये असाच पुलावरून चालणारा पांजूचा एक तरुण चालत्या लोकलमधून फेकलेला नारळ लागून गेला. खाडी आली की खिडकीतून निर्माल्याची पिशवी, नारळ, कधी पैसे खाली टाकायचे ही उतारूंची जुनी सवय. टाकणाऱ्याच्या दृष्टीने खाली फक्त पाणी असते. पुलाच्या कडेने कोणी चालत असेल, किंवा या दोन पुलांच्या मधे एक गाव आहे, हे त्याच्या गावीही नसते.

पांजूच्या माणसाला भाईंदरला जायचे असेल तर भाईंदर त्याच्या दक्षिणेला, डोळ्यांसमोर. तो आधी उत्तरेकडे तोंड करून होडीत बसतो, नायगावला उतरतो, चालत स्टेशनवर जातो, तिकीट काढतो आणि चर्चगेटकडची लोकल पकडतो. पहिला पूल ओलांडून गाडी बेटावर येते, त्याच्या घराजवळून पुढे जाते, आणि दुसरा पूल ओलांडून त्याला भाईंदरला सोडते. परतताना हाच क्रम उलटा, आणि उशीर झाला असेल तर नायगावच्या धक्क्यावर होडीची वाट पाहणे वेगळे.